पुराआधीची कागदपत्रे

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. 2005 चा पूर पाहिलेल्यांनी त्या वेळच्या खुणेच्या वर माल चढवला होता. पाणी त्याहूनही वर गेले. म्हणजे फळी उंच लावणे चांगलेच, पण भिस्त तेवढ्यावर नको.

खरा आधार विम्याचा, आणि तिथेच गफलत होते. 5 कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या व्यवसायांसाठी एप्रिल 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. तीत आगीबरोबर पूरही येतो. मात्र हप्ता वाचवायला माल कमी दाखवला, तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. 20 लाखांच्या मालाचा 10 लाखांचाच विमा असेल आणि 4 लाखांचे नुकसान झाले, तर हाती साधारण 2 लाख येतात. (या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे.) बँकेने कर्जासोबत विमा काढला असेल, तर तो मालाचा आहे की नुसत्या गाळ्याचा, हे आजच विचारा. दिवाळीआधी माल दुप्पट भरता, तेव्हा विम्याची रक्कमही वाढवायला हवी.

स्टॉकची वही, खरेदीची बिले आणि पॉलिसीचे फोटो मोबाइलबाहेर, ईमेलवर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. पाणी ओसरल्यावर दुकान धुवायची घाई होते; पण आधी फोटो काढा, विमा कंपनीला लगेच कळवा आणि नुकसान पाहणारा तिचा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका.