शंभर मैल धावणाऱ्याच्या घरच्यांसाठी

2006 सालचा जून महिना. कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न गावच्या शाळेच्या मैदानात ब्रायन मॉरिसन नावाचा धावपटू सर्वांत पुढे पोहोचला. डोंगरदऱ्यांतून शंभर मैल, म्हणजे 161 किलोमीटर धावून तो आला होता. मैदानाची अर्धीअधिक फेरी तेवढी उरली होती. तिथे तो कोसळला. उठला, पुन्हा कोसळला. सोबत धावणाऱ्या मित्रांना ते पाहवेना. त्यांनी त्याला उभे केले, आधार दिला आणि अंतिम रेषेपार नेले. ‘वेस्टर्न स्टेट्स’ या स्पर्धेच्या नियमांत दुसऱ्याच्या आधाराने पुढे सरकणे बसत नाही. पहिल्या आलेल्या मॉरिसनला बाद ठरवण्यात आले.

हा प्रसंग सांगितला की ऐकणारे नियमांना नावे ठेवतात. मला मात्र त्यातला वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपले माणूस डोळ्यांदेखत कोसळत असताना जवळच्यांनी नेमके काय करायचे? त्या मित्रांनी मायेपोटी जे केले त्याने फक्त बक्षीस गेले. पण अशा शर्यतीत मायेपोटी केलेल्या काही गोष्टींनी जीवही जाऊ शकतो.

या शर्यतींचा उगमच मोठा गमतीचा आहे. वेस्टर्न स्टेट्सची वाट मुळात घोड्यांच्या शर्यतीची. शंभर मैल चोवीस तासांत पार करायचे, अशी ती शर्यत. 1974 मध्ये गॉर्डी एन्सले नावाचा पठ्ठ्या घोड्याशिवायच त्यात उतरला आणि 23 तास 42 मिनिटांत पोहोचला. आज जगभर शंभर मैलांच्या शेकडो स्पर्धा होतात. आपल्याकडे लडाखमध्ये ‘ला अल्ट्रा’ 2010 मध्ये सुरू झाली, आणि पुण्याजवळ सिंहगड, राजगड, तोरणा जोडणारी डोंगरवाटांची शर्यतही आता धावपटूंना परिचित आहे. यवतमाळच्या वाचकाला अंतराचा अंदाज हवा असेल, तर इथून निघून नागपूर गाठायचे आणि वर आणखी थोडे धावायचे. तेही डांबरी रस्त्याने नव्हे, चढउताराच्या पायवाटेने, एक अख्खी रात्र मध्ये घेऊन.

आपल्या जिल्ह्यात पहाटे रस्त्याने धावणारी मुले दिसतात ती बहुतेक पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी. त्यांतलीच काही भरती होवो न होवो, पुढे दहा, एकवीस, बेचाळीस किलोमीटरकडे वळतात. एखादा त्याहूनही पुढे जातो. मग घरात चर्चा सुरू होते: सोबत कोण जाणार, गाडी कोण चालवणार, डबा काय न्यायचा. हा लेख त्या घरच्यांसाठी आहे. धावणाऱ्याला सल्ले देणारे पुष्कळ असतात, रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन वाट पाहत उभ्या असलेल्या बायकोला, भावाला किंवा आईला कोणी काही सांगत नाही.

कुटुंबाची साथ ही या खेळात शोभेची गोष्ट नाही. 2015 मध्ये स्कॉट जुरेकने अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल ही साडेतीन हजार किलोमीटरची वाट 46 दिवसांत पार केली, तेव्हा त्याची पत्नी जेनी गाडी घेऊन दिवसेंदिवस पुढच्या थांब्यावर उभी राहत होती. 2018 मध्ये मों ब्लां पर्वताभोवतीच्या शंभरेक मैलांच्या शर्यतीत सोफी पॉवर ही इंग्लिश धावपटू इटलीतल्या कुर्मायूर थांब्यावर तीन महिन्यांच्या बाळाला पाजत बसलेली जगाने छायाचित्रात पाहिली. ते बाळ तिथपर्यंत आणले होते तिच्या नवऱ्याने. आणि आपल्या मिलिंद सोमणच्या 2016 मधल्या अहमदाबाद ते मुंबई धावेत त्याची पंचाहत्तरी ओलांडलेली आई, उषाताई, साडी नेसून अनवाणी त्याच्या बरोबरीने धावल्या, ते दृश्य अनेकांनी मोबाइलवर पाहिले असेल.

आता कामाचे बोलू. थांब्यावर आलेला मुलगा घामेजलेला, ओठ सुकलेले. आईच्या तोंडून पहिले वाक्य काय येणार? “थोडं पानी पे ना बापू.” आपल्या उन्हात वाढलेल्या माणसाला यात काही गैर वाटणारच नाही. पण तासन् तास चालणाऱ्या श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक, व्हासोप्रेसिन, सोडत राहते. मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकत नाहीत. वरून आग्रहाने पाणी पाजत राहिले की रक्तातले सोडियम पातळ होते. ते सामान्यतः लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल असते, त्याखाली घसरले की पेशींत पाणी शिरू लागते, मेंदूला सूज येऊ लागते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक 28 वर्षांची धावपटू याच कारणाने दगावली. त्याच शर्यतीत तपासलेल्या 488 जणांपैकी 13 टक्क्यांचे सोडियम कमी निघाले होते. वेस्टर्न स्टेट्सवर अनेक वर्षे झालेल्या रक्ततपासण्यांत हे प्रमाण सुमारे 15 टक्के आले.

मीठ जास्त द्यायचे का मग? मिठाच्या गोळ्या हा त्यावर उतारा नाही, कारण मूळ दोष पाण्याच्या अतिरेकाचा आहे. आज तज्ज्ञांचे म्हणणे सरळ आहे: तहान लागेल तसे प्यावे. तास मोजून, लिटर ठरवून पाजू नये. शर्यतीच्या शेवटी दोन-तीन टक्के वजन घटलेले असणे स्वाभाविक आहे, कारण शरीराने साठवलेले इंधनही जळालेले असते. वजन वाढलेले असेल तर मात्र सावध व्हा. एक साधा वजनकाटा गाडीत असू द्या. अंगठी घट्ट होणे, घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उमटणे, चेहरा सुजलेला दिसणे, डोके दुखणे, उलटी होणे, ही लक्षणे दिसली की साधे पाणी बंद.

इथेच आपली एक जुनी सवय आडवी येते. माणूस गळून पडला की आपण दवाखान्यात नेऊन म्हणतो, “डॉक्टर, एक सलाईन लावून द्या.” पाणी जास्त झाल्यामुळे गळालेल्या माणसाला नेहमीची बाटली भराभर चढवली तर प्रकृती आणखी बिघडू शकते. गंभीर अवस्थेत दिले जाते ते 3 टक्क्यांचे तीव्र मिठाचे सलाईन, थोड्या मात्रेत, 100 मिलिलिटरच्या हिशेबाने, डॉक्टरांच्या देखरेखीत. म्हणून नातेवाइकांनी सलाईनचा हट्ट धरू नये. “इतके तास धावलाय, इतके पाणी प्यायलाय, आधी सोडियम तपासा,” एवढे सांगितले तरी डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

दुसरा धोका आपल्या ओळखीचा, उष्माघात. पण उन्हात बसलेल्या म्हाताऱ्याला होणारा उष्माघात आणि धावणाऱ्याचा उष्माघात यांत फरक आहे. धावणाऱ्याचा घाम थांबलेला असेलच असे नाही. अंग ओलेचिंब असूनही आतले तापमान 40 अंशांवर गेलेले असू शकते. काखेतला थर्मामीटर अशा वेळी फसवतो. खरी खूण वागण्यात असते. असंबद्ध बोलणे, उगाच चिडणे, झोकांड्या खाणे, थांबा ओलांडून भलत्याच दिशेला निघणे. अशा वेळी 108 ला फोन लावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत हातावर हात ठेवून बसू नका. आधी गार करणे, मग हलवणे, हाच क्रम. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा.

गार करायचे कसे? यासाठी लागणारे साधन यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी आहे. ताडपत्री! कापूस, सोयाबीन झाकायची तीच. माणसाला तिच्यावर निजवायचे, तिघा-चौघांनी कडा धरून द्रोणासारखा खोलगट आकार करायचा, त्यात गार पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओतायचा आणि हळूहळू हेलकावे देत राहायचे. डोके वर धरलेले हवे. परदेशी धावस्पर्धांच्या वैद्यकीय तंबूंतही ही पद्धत वापरतात. तळहाताला ओली पट्टी आणि कपाळाला कांदा यापेक्षा तिचा उपयोग फार जास्त.

गोंधळ उडतो तो असा की भ्रमिष्ट वागणे दोन्हींत दिसते, सोडियम घसरले तरी आणि ताप चढला तरी. अंग भट्टीसारखे तापलेले असेल तर थंड करा. शंका असेल तरी थंड करण्याने सहसा नुकसान होत नाही, बळेच पाणी पाजण्याने होऊ शकते. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडातून काहीच देऊ नये.

खाण्याबद्दल थोडे. धावताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळते, पोटाकडे कमी राहते. त्यामुळे भूक मरते, मळमळते. एरवी आवडीने खाणारा मुलगा पुरणपोळीकडे पाहून तोंड फिरवील. मनाला लावून घेऊ नका. तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदके पोटात गेली तरी गाडी चालते, आणि एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. केळी, गूळ, उकडलेला बटाटा मिठासह, पातळ खिचडी, थोडे ताक. जे सरावात पचले तेच शर्यतीत. ठेचा-भाकर शर्यत संपल्यावर.

पायदुखीची गोळी मागितली तर? इथे ठाम नाही म्हणा. इब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 80 किलोमीटरच्या टप्प्यात इब्युप्रोफेन घेणाऱ्यांपैकी 52 टक्क्यांत आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 34 टक्क्यांत मूत्रपिंडांना तात्पुरती इजा दिसली. सहभागी 89 च होते, त्यामुळे संख्याशास्त्राच्या काट्यावर हा फरक पक्का म्हणता येत नाही. पण पैज लावण्याजोगी ही गोष्ट नव्हे.

सरावाच्या जागेबद्दल बोलायलाच हवे, कारण आपला जिल्हा वाघांचा आहे. टिपेश्वर अभयारण्य आपल्याकडे, आणि राळेगाव-पांढरकवडा भागात 2018 मध्ये अवनी वाघिणीवरून काय घडले ते कोणी विसरलेले नाही. रात्रीचा सराव जंगलालगत नकोच. गावाजवळची पांदण बरी, तीही दोघे-तिघे मिळून, डोक्याला दिवा लावून. मण्यार आणि घोणस रात्रीच फिरतात. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि ओल्या मोज्यात पायाची कातडी पांढरी पडून सोलवटते. तेव्हा कोरड्या मोज्यांचे तीन-चार जोड घरच्यांच्या पिशवीत हवेतच.

उन्हाच्या मुलखात थंडीचा विचार होत नाही, पण तोही करावा. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक वादळी गारठा आला आणि 21 धावपटू दगावले. जू केमिंग नावाच्या मेंढपाळाने आपल्या गुहेतल्या आसऱ्याला नेऊन, शेकोटी पेटवून, गोधड्या पांघरून सहा जणांना वाचवले. अनेकांच्या अंगावर पातळ कपडे होते. घामाने भिजलेला माणूस थांबला की डिसेंबरातल्या आपल्या रात्रीही त्याला हुडहुडी भरवतात. म्हणून गाडीत एक कोरडी बंडी आणि घोंगडी असावी.

या सगळ्यात घरच्यांचे खरे काम पाहण्याचे आहे. वीस तासांनंतर धावणाऱ्याचा स्वतःबद्दलचा अंदाज भरवशाचा राहत नाही. झोपेअभावी झाडांच्या जागी माणसे दिसणे या खेळात नवलाचे नाही. “मी बरा आहे,” हे त्याचे उत्तर पुरावा धरू नका. प्रत्येक थांब्यावर तेच तीन-चार प्रश्न विचारा: आजचा वार कोणता, पुढचा थांबा कोणता, लघवी कधी झाली, रंग कसा होता. उत्तरे वहीत वेळेसह लिहा. मागच्या थांब्यावर पटकन उत्तर देणारा आता अडखळत असेल तर ते वहीत दिसेल, डोळ्यांना कदाचित दिसणार नाही. आणि थांबवण्याचा निर्णय कोणाचा, हे शर्यतीआधी घरी बसून ठरवा. एकाच माणसाचा असावा, आणि धावणाऱ्याने तो आधीच मान्य केलेला असावा. ऐनवेळी बाप थांब म्हणतोय आणि मित्र चल म्हणतोय, असे व्हायला नको.

शर्यत संपली तरी दोन दिवस लक्ष ठेवा. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटले की त्यांतले द्रव्य मूत्रपिंडांत अडकते. लघवी काळ्या चहासारखी झाली, किंवा दिवसभर झालीच नाही, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या, घरी लिंबूपाणी पाजत बसू नका. पायांना सूज मात्र बहुतेकांना येते, ती तीन-चार दिवसांत उतरते.

आणि परतीचा प्रवास. धावणारा तीस तास जागा असतो हे सगळ्यांच्या लक्षात असते, पण त्याच्यासाठी धावपळ करणारेही तेवढेच जागे असतात हे कोणी मोजत नाही. आनंदाच्या भरात रात्रीच गाडी काढू नये. स्पर्धेच्या गावीच एक मुक्काम करावा, नाही तर गाडी चालवायला असा माणूस सोबत न्यावा ज्याला आदल्या रात्री कोणीही झोपेतून उठवायचे नाही.