किड्याचें विष व त्याचें ताट

ज्वारीवर मावा पडला म्हणजे त्याच पानांवर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे दिसूं लागतात. नोकरींत असतां पीकपाहणीच्या निमित्तानें शिवारांत फिरतांना आम्ही यांनाच पिकाचे वैरी समजत होतों. एका गृहस्थास तर ते चिरडून टाकावयास आम्हींच सांगितलें. तें सांगणें चुकीचें होतें. हा किडा व त्याची काळसर अळी हीं दोन्हीं मावा खाऊन जगतात.

किडा चिमटींत धरला असतां पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा रस सोडतो. सात ठिपक्यांच्या जातींतील या रसाचें कडू विष बेल्जममधील रसायनज्ञांनीं सन १९७१ मध्यें ओळखिलें. त्यास कॉक्सिनेलीन म्हणतात. तें किडा स्वतःच्या अंगांत तयार करितो; परंतु हा रस म्हणजे त्याचें रक्तच असल्यामुळें झालेला खर्च भरून काढावयास पोटभर अन्न लागतें.

कांहीं किडे तर विषाचा कच्चा मालच अन्नांतून घेतात. आपल्या नदीकांठच्या वाळुंजाचे भाऊबंद युरोपांत पुष्कळ आहेत. त्यांच्या पानांत सॅलिसीन नांवाचें कडू द्रव्य असतें. तेथील एका पानकिड्याची अळी तें पचवून त्याचे दोन भाग करिते. साखर पोषणास लाविते, व उरलेल्या भागापासून तीव्र वासाचें सॅलिसिलाल्डिहाइड बनवून पाठीवरील नऊ जोड ग्रंथींतून मुंग्यांवर सोडते. हीच अळी सॅलिसीन कमी असलेल्या पानांवर वाढली तर तिचें शस्त्र बोथट होतें.

याची दुसरी बाजूही पाहावी. कण्हेर व रुई यांवरील पिवळा मावा झाडाचें विष अंगांत सांठवितो. असा मावा सर्वच ढालकिड्यांस मानवत नाहीं; कांहींची वाढ खुंटते, कांहींचे पंख आंखूड राहतात. सारांश, जसें ताट तसें बळ.

यावरून आपण काय घ्यावें? चार मावे दिसतांच फवारा उचलूं नये. प्रथम पानें उलटून पाहावीं. ढालकिडे व त्यांच्या अळ्या पुरेशा असतील तर कांहीं दिवस वाट पाहावी. सरसकट विषारी औषध मारिल्यास हा राखणदारही मरतो, आणि जो वांचतो त्याचें ताट रिकामें होतें. आम्हीं चिरडविलेले किडे परत येणार नाहींत. आपण तरी तसें करूं नये.