लकवा : गंडा नको, घड्याळ बघा!

आमच्या वस्तीतील, वाळूजच्या कंपनीत राबणाऱ्या एका बांधवाचे तोंड सायंकाळी अचानक वाकडे झाले. उजवा हात लुळा पडला. ‘वारं गेलं’ म्हणून घरच्यांनी तेल चोळले, कुणी गंडा बांधला. दवाखान्यात नेले ते सकाळी. आम्ही तेथे असून गप्प राहिलो, ही खंत आजही आहे. तो हात पुन्हा कामाचा झाला नाही.

लकवा वाऱ्याने होत नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, जीभ जड होणे; यांपैकी एक जरी अचानक दिसले तरी वेळ टिपून ठेवा आणि १०८ ला फोन करा. ही गाडी मोफत येते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन पाहून. म्हणून घाटीसारखे मोठे रुग्णालय गाठा. तोंडाने पाणी, गोळी देऊ नका. लक्षणे आपोआप गेली तरी तपासणी टाळू नका. तो पुढच्या झटक्याचा इशारा असतो.

ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मग बौद्धाच्या मनगटावर गंडा कशाला? जयभीम!