डार्ट का चुकतो?

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची बातमी राज्यभर गाजली. तीन आठवड्यांत तीन बळी, त्यात दोन लहान मुलं, रस्ता अडवून बसलेले गावकरी आणि शेवटी रात्री ठार झालेला बिबट्या. या सगळ्या गदारोळात एक तपशील मात्र मागे पडला. गोळी झाडण्याआधी बिबट्याला बेशुद्धीचा डार्ट मारला होता आणि तो लागला नाही. बिबट्या पथकाच्या अंगावर आला, मग रायफल चालली.

त्यानंतरची चर्चा रायफल चालवली ते बरोबर की चूक, एवढ्यातच अडकली. डार्ट का लागला नाही, हे फारसं कुणी विचारलं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माणसांच्या दृष्टीने मात्र तोच खरा प्रश्न आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघ वैनगंगा ओलांडून वडसा, गडचिरोलीकडे पसरले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अशी घटना घडली की गावात पहिली मागणी असते ती बंदूकवाल्याची. चांगली रायफल, चांगली दुर्बीण, हैदराबादचा नाहीतर आणखी कुठला नामांकित नेमबाज. एवढं जमलं की प्रश्न मिटला, असं लोकांना वाटतं आणि पुढाऱ्यांनाही.

कायद्याचा क्रम उलटा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आणली. कलम ११ नुसार माणसाच्या जिवाला धोका ठरलेला प्राणी पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही किंवा दुसरीकडे हलवता येत नाही अशी खात्री पटल्यावरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. म्हणजे आज या जंगलात कायदेशीरपणे पहिल्यांदा उचलायची बंदूक ती डार्टची. तिची गोळी कोणती, दुर्बीण कोणती, हे प्रत्येकाला कळायला हवं.

डार्ट हातात घेतला तर बंदुकीच्या गोळीसारखं त्यात काहीच दिसत नाही. ती प्लास्टिकची बोटभर सिरिंज असते. आत दोन कप्पे. पुढच्यात औषध, मागच्यात दाबून भरलेली हवा आणि मधे दट्ट्या. सुईचं टोक बंद असतं, भोक असतं ते बाजूला आणि त्यावर सिलिकॉनची छोटी बाही चढवलेली असते. सुई कातडीत घुसली की बाही मागे सरकते, भोक उघडतं आणि मागची हवा दट्ट्या ढकलते. औषध स्नायूत उतरतं ते असं. मागच्या बाजूला लाल-गुलाबी लोकरीचा झुपका असतो. डार्ट सरळ जावा म्हणून तो लावतात आणि पाचोळ्यात पडलेला डार्ट शोधायलाही त्याचाच उपयोग होतो. बाही नीट बसली नसेल तर औषध वाटेतच गळून जातं. सुई आखूड पडली तर ते चरबीत साचतं आणि प्राणी तासभर हिंडत राहतो. वाघासाठी तीन-चार सेंटिमीटरची सुई लागते, हत्तीसाठी आणखी लांब.

अशी सिरिंज बंदुकीच्या वेगाने मारता येत नाही. मारली तर ती हाड मोडेल किंवा पोटात आरपार जाईल. म्हणून या बंदुका बहुधा कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालतात. डेन्मार्कच्या डॅन-इंजेक्टसारख्या बंदुकीला दाब दाखवणारी तबकडी असते. नेमबाजाने अंतर बघायचं, तक्ता बघायचा आणि तेवढा दाब भरायचा. डार्टचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला, तर ३० मीटरवरच्या वाघापर्यंत पोचायला त्याला ०.६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला पावणेदोन मीटर खाली खेचतं, म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीइतकं. सेकंदाला ८०० मीटर वेगाची रायफलची गोळी त्याच अंतरात एक सेंटिमीटरसुद्धा खाली येत नाही. ०.६ सेकंदात वाघाचं एक पाऊलही पडून जातं. मांडीवर धरलेला नेम पोटावर जातो तो असा, आणि पोटात डार्ट जाणं म्हणजे प्राण्याच्या जिवाशी खेळ.

मग दुर्बीण कोणती, याचं उत्तर आपोआप मिळतं. दहापट मोठं दाखवणारी लांब दुर्बीण इथे निरुपयोगी, कारण तिच्यात वाघाची कातडी दिसते आणि वाघ हरवतो. तिने डार्ट लांबही जात नाही. हवं ते कमी शक्तीचं, रुंद दृश्य दाखवणारं साधन. काचेवर लाल ठिपका दाखवणारी, दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येणारी दर्शिका सर्वांत बरी. आणि तिच्याहून महत्त्वाचं म्हणजे लेसरने अंतर मोजणारं यंत्र. २५ आणि ३५ मीटर हा फरक रायफलवाल्याच्या खिजगणतीत नसतो, डार्टवाल्याचा मात्र सगळा डाव त्यावर असतो. बांबूच्या बेटात तर एखादी काटकी, एखादं पान डार्टची दिशा फिरवायला पुरेसं होतं. पिंजऱ्यात किंवा घरात अडकलेला बिबट्या असेल, तर लांब नळीच्या बंदुकीची गरजच नसते. फुंकनळीने अगदी हलक्या हाताने डार्ट मारता येतो.

इथे कॉलिन मर्डॉक या माणसाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. न्यूझीलंडच्या टिमारू गावातला हा औषधविक्रेता आणि पशुवैद्य. एकदाच वापरून टाकायची प्लास्टिकची सिरिंज हीही त्याचीच कल्पना, १९५० च्या दशकातली. बाहेरून आणलेल्या आणि रानोमाळ माजलेल्या शेळ्यांचा अभ्यास त्याचे सहकारी करत होते. त्यांना पकडणं, तपासणं, सोडून देणं सोपं व्हावं म्हणून औषध लांबून सोडता आलं तर, असं त्याच्या मनात आलं. त्याने सिरिंज, बंदूक, पिस्तूल असं सगळं घडवलं. अडलं ते औषधापाशी. त्या वेळी हाताशी होतं ते क्युरारे आणि निकोटिनच्या जातीची अल्कलॉइड द्रव्यं. नेम अचूक लागूनही जनावरं मोठ्या संख्येने मरत. पुढे औषध कंपन्यांबरोबर काम करून सुरक्षित औषधं आली, तेव्हा कुठे ही बंदूक खऱ्या अर्थाने कामाची झाली. मर्डॉक २००८ साली गेला. या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने त्याची ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला वाटतं. बंदूक आधी तयार होती. प्राणी वाचू लागले ते औषध सापडल्यावर.

आपल्याकडे वाघ-बिबट्यासाठी प्रामुख्याने झायलाझिन आणि केटामाइन यांचं मिश्रण वापरतात. झायलाझिनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही. डार्ट लागल्यावर प्राणी आडवा व्हायला पाच ते पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्यात तो कितीही लांब जाऊ शकतो. शिवाय झायलाझिनमुळे शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद जाते. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी बेशुद्ध पडलेला वाघ उष्माघाताने मरू शकतो. म्हणून पहाटेची वेळ, डोळ्यांवर कापड, अंगावर पाणी, सतत ताप मोजणं. हे सगळं डॉक्टरचं काम आहे, नेमबाजाचं नाही.

अवनी ऊर्फ टी-१ वाघिणीच्या प्रकरणात हे सगळं उघड झालं होतं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. तिच्या अंगात डार्टही सापडला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीच्या अहवालानुसार त्या डार्टमधलं औषध ५६ तास आधी तयार केलेलं होतं, जे २४ तासांत वापरायला हवं. सूर्यास्तानंतर बेशुद्ध करू नये हा दंडकही पाळला गेला नाही. अंधारात डार्ट लागलेला वाघ शोधायचा कसा, एवढा साधा विचार त्या दंडकामागे आहे.

याच्या उलट उदाहरण गडचिरोलीतलंच आहे. १३ बळींचा ठपका असलेला सीटी-१ हा वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा वनक्षेत्रात जिवंत पकडला गेला. ताडोबाच्या पथकातले पशुवैद्यक डॉ. रविकांत खोब्रागडे आणि नेमबाज अजय मराठे यांची ही कामगिरी. वाघ नागपूरला गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात गेला. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये राजुऱ्याचा आरटी-१ हा वाघही जिवंत पकडला गेला होता. या माणसांची नावं अवनीच्या नेमबाजाइतकी लोकांच्या तोंडी नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता त्या दुसऱ्या बंदुकीकडे येऊ, जी डार्टवाल्याच्या शेजारी उभी असते. पिंपरखेडला चालली ती. बिबट्या सेकंदाला १५ मीटर वेगाने धावून आला तर ३० मीटरसाठी दोन सेकंद मिळतात. वनखात्यात वर्षानुवर्षं दिसणारी ईशापूर कारखान्याची .३१५ बोअरची रायफल प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून भरावी लागते. दोन सेकंदांत दुसरी गोळी मिळेलच असं नाही. आखूड नळीची, स्वतःच पुढची गोळी चढवणारी रायफल इथे उजवी ठरते. ती झुडपात अडकत नाही, चटकन वळते. नळी आखूड असल्याने गोळीचा वेग थोडा घटतो, पण २० मीटरवर त्याने बिघडत नाही. दुर्बीण इथेही तीच, लाल ठिपक्याची. आणि गोळी जड, मऊ टोकाची, अंगात पसरून थांबणारी. पोलिसांच्या रायफलीतली संपूर्ण तांब्याचं कवच असलेली गोळी आरपार जाते आणि मागे गर्दी उभी असेल तर पुढचा बळी माणसाचा असतो. पोलिसांची रायफल आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाच्या माणसांना बंदूक नवी नाही. इथल्या जंगलात माडिया आदिवासी शिकाऱ्यांकडे भरमार असायची, ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून बारूद, चिंधी आणि छर्रे गजाने ठासायचे, एक बार काढायचा आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. दुर्बीण नाही, दुसरा बार नाही, म्हणून सगळी मदार वाऱ्याची दिशा बघत जनावराच्या जवळ जाण्यावर. गेल्या काही वर्षांत गावकऱ्यांनी अशा अनेक भरमार पोलिसांच्या स्वाधीन केल्या. ते योग्यच झालं. पण त्या बंदुकीमागचं कसब, म्हणजे पाऊलखुणा वाचणं, जनावर कुठे बसेल हे ओळखणं, पंचवीस-तीस मीटरपर्यंत आवाज न करता पोचणं, नेमकं तेच डार्टच्या कामाला लागतं.

याच हेमलकशात १९७३ पासून लोक बिरादरी प्रकल्पाचं काम उभं राहिलं. शिकाऱ्यांनी मारून आणलेल्या माकडिणीला बिलगलेलं जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी तांदूळ आणि कपड्यांच्या बदल्यात मागून घेतलं. तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं, आणि पुढे शिकारीच अनाथ पिल्लं तिथे आणून देऊ लागले. जंगल ओळखणारा माणूस प्राणी वाचवायच्या कामालाही येतो, हे हेमलकशाने पन्नास वर्षांपूर्वीच दाखवलं आहे.

थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन आता आलेत. नव्या बंदुकांपेक्षा मला त्यांचं मोल अधिक वाटतं. पण तेही मे महिन्याच्या दुपारी चालत नाहीत, कारण तापलेली जमीन वाघाच्या अंगाइतकीच किंवा त्याहून गरम असते. ते लागणार पहाटे, आणि पहाटे हेमलकशाला पोचायला पथक जवळ हवं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, मग चंद्रपूरहून येणारं पथक पुलाअलीकडे अडकतं.

म्हणून वनखात्याकडे मागणी करायची तर ती रायफलीची नको. अहेरी-भामरागडच्या पट्ट्यासाठी कायम नेमलेला वन्यजीव पशुवैद्यक, दोन डार्ट बंदुका, अंतरमापक, ड्रोन आणि पाऊलखुणा वाचणारे स्थानिक माडिया तरुण पगारावर, एवढं पथक तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी उभं करावं. आणि पथक कामाला लागेल तेव्हा गावकऱ्यांनी मोबाइल घेऊन मागे येऊ नये, घरात थांबावं. गर्दी बघून प्राणी बिथरला की डार्ट हमखास चुकतो.