वातानुकूलनाचा कारागीर कसा पारखावा?

उन्हाळा जवळ आला कीं घरोघर वातानुकूलन यंत्राची, म्हणजे ज्यास लहानथोर सर्वच ‘एसी’ म्हणतात त्याची, चर्चा सुरू होते. कोणत्या कंपनीचें घ्यावें, किती ताऱ्यांचें घ्यावें, याचा खल पुष्कळ होतो. तें बसविण्यास कोणास बोलवावें हें मात्र दुकानदारावर सोपविलें जातें. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. भिंतीवर लावावयाचें हें यंत्र कारखान्यांतून दोन भागांत येतें. एक भाग खोलींत, दुसरा बाहेर. आणि तांब्याच्या नळ्यांनीं त्यांचा सांधा घरींच जुळतो. म्हणजे यंत्राचें शेवटचें व सर्वांत नाजूक काम एक अनोळखी मनुष्य तुमच्या घरांत करीत असतो.

हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. खोलींतील उष्णता उचलून तें बाहेर टाकतें, व हवेंतील ओलावाही काढतें. किंबहुना त्याचा जन्मच ओलाव्यापायीं झाला. १९०२ सालीं विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरानें ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं त्याची योजना केली. दमट हवेनें तेथील कागद फुगे व रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर जुळेनात. उष्णता वाहून नेण्याचें काम नळ्यांतून फिरणारा वायु करतो. आजच्या बहुतेक नव्या घरगुती यंत्रांत आर-३२ नांवाचा वायु असतो.

आतां मुख्य गोष्ट. हा वायु बंद नळ्यांत फिरत राहतो. दिव्यांतील तेलाप्रमाणें तो जळून संपत नाहीं. तो कमी झाला असेल तर कोठें तरी गळती आहे. म्हणून ‘गॅस संपला, भरावा लागेल’ असें म्हणून जो गळती न शोधतांच टाकी जोडूं लागतो, त्यास आम्ही दारांतूनच परत पाठवूं. फुटक्या घागरींत पाणी ओतण्याचे पैसे दर वर्षीं कां द्यावे? जाणता कारागीर प्रथम आंतील जाळी पाहतो (कित्येकदां धुळीनें बुजलेली जाळी हाच सारा रोग असतो), मग दाब मोजतो, सांध्यांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे शोधतो, गळती बुजवितो, आणि नंतरच वायु काट्यावर तोलून भरतो.

नवें यंत्र बसवितांना खरी पारख होते ती निर्वात-पंपावरून. नळ्या जोडल्यावर त्यांत साधी हवा व बाष्प राहिलेलें असतें. तें ओढून काढल्यावांचून वायु सोडला तर थंडावा कमी पडतो, वीज अधिक जाते, आणि ओलाव्यानें आंतील तेल बिघडून काँप्रेसरचें आयुष्य घटतें. या कामास निदान पंधरावीस मिनिटें लागतात. घाईचा मनुष्य यंत्रांतलाच थोडा वायु सोडून हवा हुसकून लावतो, व दोन मिनिटांत मोकळा होतो. आर-३२ थोडासा ज्वालाग्राही आहे, याचेंही त्यास भान नसतें. दोन्ही यंत्रें त्या दिवशीं सारखींच गार लागतात. भेद कळतो तो कांहीं उन्हाळ्यांनीं. म्हणून काम ठरविण्यापूर्वींच विचारावें, ‘दादा, व्हॅक्यूम पंप आणाल ना?’ उत्तराआधीं चेहराच पुष्कळ सांगतो.

मोजमापावरूनही माणूस कळतो. यंत्राची शक्ति टनांत सांगतात. हें यंत्राचें वजन नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारें ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी त्याच वेळांत बाहेर टाकणारें तें एक टनाचें यंत्र. फोनवरच ‘दीड टन लागेल’ असें सांगणाऱ्यापेक्षां खोलीची लांबीरुंदी मोजणारा, खिडकी पश्चिमेस आहे काय, वर गच्ची आहे काय, असें विचारणारा बरा.

दर दोनतीन ठिकाणांहून मागवावे. फुटागणिक नळी, लोखंडी स्टँड, तार, भिंतीचें भोंक, सर्व लिहून घ्यावें. ‘मोफत बसवून देऊं’ यांत हें बहुधा येत नसतें. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो केला आहे काय, हें विचारण्यांत अपमान नाहीं. (दहावीनंतर काय, या प्रश्नानें बेजार झालेल्या आमच्या विद्यार्थ्यांनींही त्याची चौकशी करावी.)

एक बाब मात्र दरपत्रकांत लिहिलेली नसते. बाहेरचा भाग पंचवीस-तीस किलोंचा असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर तो बसविण्यासाठीं एक पोरगा खिडकीबाहेर छज्जावर उतरतो. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांहून तो वयानें फारसा मोठा नसतो. पुष्कळदां त्याच्या कमरेस पट्टा नसतो, दोरही नसतो. अतिस्वस्त दराची काटकसर बहुधा येथेंच केलेली असते. पट्टा व दोर आणल्यावांचून खिडकीबाहेर पाय ठेवूं देणार नाहीं, असें घरधन्यानें आरंभींच सांगावें, आणि त्यापायीं पैसे अधिक पडले तर द्यावे.

हें सारें ऐन वैशाखांत जमणें कठीण. त्या वेळीं प्रत्येक कारागिरास पुढचें घर खुणावीत असतें. माघ-फाल्गुनांत बोलवावें. तेव्हां पंप वीस मिनिटें चालूं देण्यास त्यासही सवड असते, आणि पट्टा आणावयास कोणी परत गेला तर आपणही पंख्याखालीं बसून वाट पाहूं शकतों.