लव्हेंडर : अवर्षणाशी जुळवून घेणारी वनस्पती

अवर्षणाला टिकणारी वनस्पती म्हटली की निवडुंग, बाभूळ, घायपात ही नावे विद्यार्थी चटकन सांगतात. सुगंधी तेलासाठी जगभर प्रसिद्ध असलेले लव्हेंडर हेही याच पंक्तीत बसते, ही गोष्ट मात्र थोड्यांस ठाऊक असते. वनस्पती आपल्या परिस्थितीशी कशी जुळवून घेते, हे शिकविण्यास हे उदाहरण फार उपयुक्त आहे. शिवाय कमी पाण्यावर येणाऱ्या नव्या पिकाची वार्ता गावात आली की पालक प्रथम गुरुजींकडेच चौकशीस येतात. त्या दृष्टीनेही या वनस्पतीची खरी ओळख शिक्षकांस असणे अगत्याचे आहे.

लव्हेंडर हे तुळशीच्या कुळातील झुडूप होय. या प्रजातीत चाळीसहून अधिक जाती असून त्यांचा प्रसार अटलांटिकमधील कॅनरी बेटांपासून भूमध्य समुद्राचा प्रदेश व अरबस्तान यांतून थेट भारतापर्यंत आहे. त्यांपैकी तेलासाठी सर्वांत नावाजलेली जात ‘लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया’ ही होय. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप मिलर याने 1768 मध्ये तिला हे नाव दिले. त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थ ‘अरुंद पानांची’ असा आहे. दक्षिण फ्रान्स, स्पेन व इटली येथील उघड्या, खडकाळ व चुनखडीयुक्त डोंगरउतारांवर ही जात मूळची वाढते.

त्या प्रदेशाचे हवामान आपल्याकडील हवामानाच्या उलट आहे. तेथे पाऊस मुख्यतः शरद व हिवाळा या ऋतूंत पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. कडक ऊन आणि पाण्याचा अभाव ही दोन्ही संकटे तेथे एकदमच येतात. त्यांना तोंड देण्याची साधने या झुडपाच्या अंगीच आहेत. त्याची पाने अरुंद असून कडा खालच्या बाजूस वळलेल्या असतात. त्यामुळे उन्हात उघडा पडणारा पृष्ठभाग कमी होतो. पानांवर फाटे फुटलेल्या सूक्ष्म केसांची दाट लव असते. तिच्यामुळेच झुडूप करडे दिसते. ही लव उन्हाचा काही भाग परतवून लावते व पानालगतची हवा स्थिर ठेवते. परिणामी बाष्पोच्छ्वास मंदावतो. बुडखा काष्ठमय असतो आणि मुळे खडकांच्या फटींतून खोल ओलीपर्यंत पोहोचतात. पानाफुलांवरील बारीक ग्रंथींत सुगंधी तेल साठते. माणसाला प्रिय असलेला हा उग्र वास चरणाऱ्या जनावरांना मात्र सहसा रुचत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. अवर्षणाला टिकणारी वनस्पती म्हणजे पाण्यावाचून जगणारी वनस्पती नव्हे. लव्हेंडरचे नवे रोप मुळे खोल जाईपर्यंत, म्हणजे पहिल्या वर्षी, नियमित पाणी मागते. उलट मुरलेले झुडूप पाण्याच्या टंचाईपेक्षा पाणी तुंबल्याने लवकर दगावते. निचरा नसलेल्या जमिनीत त्याची मुळे कुजतात. उष्ण व दमट हवाही त्याला मानवत नाही. म्हणून महाराष्ट्रातील भारी काळी जमीन आणि संततधार पाऊस ही त्याच्या दृष्टीने प्रतिकूल स्थिती होय. केवळ ‘कमी पाण्याचे पीक’ एवढ्याच शब्दांवर विसंबून कोरडवाहू शेतकऱ्याने रोपांवर पैसा खर्च करणे धोक्याचे ठरेल.

योग्य ठिकाणी मात्र हेच पीक लाभदायक ठरते. जम्मू-काश्मीरमधील डोडा जिल्ह्यात भद्रवाह येथील डोंगरउतारांवर अनेक शेतकरी मक्याऐवजी लव्हेंडर घेऊ लागले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मू येथील संस्थेने त्यांस रोपे व मार्गदर्शन पुरविले. 2022 मध्ये भद्रवाह येथे लव्हेंडर महोत्सवही भरला. तेथील थंड हवा, उंची आणि उतारामुळे होणारा पाण्याचा निचरा ही या यशामागील कारणे होत. लागवडीनंतर भरघोस फुले येण्यास दोनतीन वर्षे लागतात. तेलाचे प्रमाण अल्प असल्याने एक किलो तेलासाठी शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक ताजी फुले ऊर्ध्वपातित करावी लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

या कुळाचा एक नातलग महाराष्ट्रातही आहे. ‘लॅव्हँड्युला बायपिनॅटा’ ही जात मराठीत घोडेघुई या नावाने ओळखली जाते. सह्याद्रीच्या व दख्खनच्या खडकाळ माळांवर ती पावसाच्या ओलीवर वाढते आणि पावसाळा सरताना फिकट निळसर फुलांनी बहरते. तिची पाने पिसासारखी विभागलेली असतात. परिसर-सहलीच्या वेळी शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणावी. चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि दोन ओठांसारखे फूल ही तुळशीच्या कुळाची लक्षणे तुळस, सब्जा व घोडेघुई यांत मुलांकडूनच शोधून घ्यावीत. रोप उपटू न देता जागेवरच पाहण्याची सवय लावावी.

पानांतून पाणी कसे जाते हे दाखविण्यास पुढील प्रयोग करावा. आंब्याची सारख्या आकाराची दोन ताजी पाने घ्यावीत. देठांची टोके व्हॅसलीनने बंद करावीत. मग एका पानाच्या वरच्या बाजूस व दुसऱ्याच्या खालच्या बाजूस व्हॅसलीन लावून दोन्ही पाने दोरीला टांगावीत. काही दिवसांनी खालची बाजू मोकळी असलेले पान अधिक सुकलेले आढळेल. कारण आंब्याची पर्णरंध्रे खालच्या बाजूस असतात. लव्हेंडर आपल्या पानाच्या कडा खालीच का वळविते, या प्रश्नाचे उत्तर मग विद्यार्थी आपण होऊन देतील.

कोणतीही वनस्पती चांगली की वाईट हे तिच्या गुणांवरूनच ठरत नाही. ती कोणत्या मातीत व कोणत्या हवेत लावावयाची यावर ते अवलंबून असते. हा विचार शाळेत रुजला, तर पुढे शेतात निर्णय घेताना तो त्या मुलांच्या उपयोगी पडेल.