खांबांवर उभं घर

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्याची भिंत कितीही जाड असली, तरी वरच्या मजल्याचं बहुतेक ओझं तिच्यावर नसतं. ते भिंतीत दडलेल्या सागवानी खांबांवर असतं. पाडकामात विटा उतरू लागल्या की हा सांगाडा उघडा पडतो: खाली दगडी उथाळं, त्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. सुताराने आधी घर उभं केलं, गवंड्याने मागाहून ते झाकलं, हे तेव्हा नीट कळतं.

आराखडासुद्धा सुताराच्याच हिशोबाने व्हायचा. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. जुन्या खरेदीखतांत आणि वाटणीपत्रांत घर किती खणांचं ते लिहिलेलं असे. खोलीची रुंदी मालकाच्या हौशीवर नव्हे, तुळईला मिळालेल्या लाकडावर ठरायची. म्हणून ओसरी, सोपे अरुंद आणि लांब, मोठ्या दिवाणखान्यात खांबांच्या रांगा, आणि उजेड-वाऱ्यासाठी मधे चौक. तुळई ठेवतानाही ती आडवी नाही, धारेवर उभी ठेवतात. रुंदी दुप्पट केली तर तुळई दुपटीनेच ताठ होते. उंची दुप्पट केली तर आठपटीने. खांबाच्या माथ्यावरून दोन्हीकडे निघालेले कोरीव हस्त शोभेचे वाटतात, पण तुळईचा अधांतरी भाग ते तेवढाच कमी करतात. इथे नक्षी आणि गणित एकाच लाकडातून निघालेलं आहे, आणि म्हणूनच मला हे हस्त नुसत्या शोभेच्या कामापेक्षा फार सुंदर वाटतात.

खरी कसोटी सांध्याची. खांबाच्या डोक्याला कुसू ठेवायचं, तुळईला तेवढंच भोक पाडायचं, आणि कुसू आत बसलं की आडवी लाकडी खुंटी ठोकायची. खुंटीची भोकं मुद्दाम केसभर पुढे-मागे ठेवली, तर ठोकताना ती सांधा आपोआप आत ओढून घेते. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत मात्र आटतं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही: खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने जितकं आटतं, त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडे. ओल्या लाकडात घट्ट बसवलेला सांधा पुढच्या उन्हाळ्यात खुळखुळतो तो यामुळे. सागाची कीर्ती टिकाऊपणाची आहेच, पण त्याचं कमी आटणं सुताराला जास्त मोलाचं. शनिवारवाड्यासाठी साग जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आला, असं सांगतात. कोकणात ऐन, किंजळ, फणस वापरले गेले. जवळच्या रानात जे टिकाऊ होतं, त्यावर घराचं रूप ठरलं.

मराठवाड्यात मात्र लाकडाचं दुर्भिक्ष, ऊन कडक. तिथे खांब आणि कड्यांवर जाड मातीचं माळवद आलं. दोन फूट मातीचं वजन दर चौरस मीटरला जवळपास एक टन भरतं. गळती लागली की वर आणखी माती पडायची. भोवती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या रुंद भिंती, आणि त्यांचे आतले-बाहेरचे थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या भूकंपात या भिंतींचे थर सुटले आणि झोपेतली हजारो माणसं गाडली गेली. त्याच ढिगाऱ्यांत काही घरांची माळवदं मात्र खांबांवर तशीच उभी होती: चारही बाजूंच्या भिंती ढासळलेल्या आणि छप्पर जागेवर. जिथे माळवदाचा भार लाकडी खणाने घेतला होता, तिथे भिंत कोसळली तरी छप्पर अंगावर आलं नाही. यावरून लाकडी घर भूकंपात तरतंच असं कुणी समजू नये. नुसती खांब-तुळईची चौकट बाजूने ढकलली की तिरकी होते. कोपऱ्यात तिरका टेकू दिला की त्रिकोण होतो आणि त्रिकोण तिरका होत नाही. किल्लारीनंतर उरलेली घरं बळकट करण्याच्या उपायांत खांब आणि तुळईच्या सांध्यात असे टेकू मारणं होतं, भिंतीत आरपार दगड घालणं होतं, माळवदाची माती कमी करणं होतं. काश्मीरच्या धज्जी-देवारी घरांत हे टेकू आधीपासूनच असतात. भिंतभर लाकडाच्या लहान लहान चौकटी, त्यांत तिरक्या पट्ट्या, आणि मधे दगड-मातीची भर. २००५च्या भूकंपात ही घरं भेगाळली, पण पुष्कळशी उभी राहिली.

आगीचं भय खरंच आहे. १८२८मध्ये शनिवारवाडा जळला, आणि आज तिथे मुख्यतः तटबंदी, दरवाजे आणि जोती उरली आहेत. तरीही जाड तुळई आणि पातळ फळी एकसारखी जळत नाहीत. जाड लाकडावर कोळशाचा थर धरतो आणि आग मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास आत सरकते. तेवढा भाग जळायला द्यायचा असं धरूनच आजचे अभियंते तुळईची जाडी वाढवून घेतात.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३मध्ये आपल्या कामांत लाकडाला मनाई केली होती, जंगल वाचावं म्हणून. ती २०२०मध्ये उठली. मधल्या काळात लाकडी घर बांधणारे सुतार पांगले, आणि जुनी घरं दुरुस्त करताना घडणारी चूक रूढ झाली: खांबाच्या पायाला सिमेंट थापणं. मातीच्या गिलाव्यातून ओल बाहेर निघून जायची. सिमेंट ती लाकडाच्या उभ्या रेषांत कोंडून ठेवतं. मग वाळवी येते आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या गिलाव्यामागे खांबाचा पाय पोकळ होतो. बोटाने टकटक केलं तर आवाज लगेच बदलतो. असा खांब पूर्ण काढायची गरज नसते. तुळईला धिरे दिले, कुजलेला हात-दीड हात कापून काढला, निरोगी जुन्या सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडला आणि खाली उथाळं पुन्हा मोकळं ठेवलं, की तोच खांब आणखी कितीतरी वर्षं भार घेतो. जुना साग पाडलेल्या वाड्यांमधून वखारींत येतो. घेताना जुनी भोकं आणि आत मोडलेले खिळे तपासावेत, आणि ज्या टोकाला पूर्वी ओल होती ते टोक पुन्हा खाली ठेवू नये.